जोडफोटो

"चेहरा साफ करून देईन, कपड्याले हात लावनार नाही." दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला चाचा हे आधीच ऐकवत. चिखलीत त्यांचं फोटोचं दुकान होतं. फाटके, वाळवीने खाल्लेले जुने फोटो ते संगणकावर दुरुस्त करून देत.

तुम्हीही पाहिलं असेल, हल्ली मेलेल्या माणसालासुद्धा सूट-टाय लागतो. उंद्री गावचा एक नातू आजोबांचा धोतर आणि डोक्याला रुमाल असलेला फोटो घेऊन आला. "चाचा, सूट घालून द्या ना." चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "धोतरात आजा लाजला नाही, तू काऊन लाजून राह्यला बे?"

चाचांची नजर मात्र भारी. एकदा त्यांनी मला तीन घरांतल्या तीन आजोबांचे फोटो शेजारी मांडून दाखवले. खाली आपापलं धोतर आणि वर काळा कोट. तिघांचा कोट एकच, स्टुडिओवाल्याचा! "एकाले ढिला, एकाले तंग. राहू दे. शौक होता बिचाऱ्याईचा."

माझे वडील तिशीत गेले. त्यांचा असाच, स्टुडिओच्या कोटातला एक फोटो घरी होता. आईचा मात्र सत्तरीनंतरचा, कुठल्याशा कागदपत्रासाठी काढलेला. "मले एकदा तुह्या बापाच्या बाजूले बसव," एवढंच तिचं मागणं. म्हणून तिला घेऊन दुकानात गेलो. चाचांनी दोघांना एका फोटोत आणलं. रुमाल बांधलेला तरणाबांड नवरा आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, कपाळ मोकळं. मला बघवेना. म्हटलं, "चाचा, कुंकू लावा."

चाचांचा हात थांबला. कुंकू कपड्यात धरायचं की चेहऱ्यात, त्यांना ठरवता येईना. ते सरळ आईकडे वळले.

"माय, लावू काय?"

आई पडद्याजवळ सरकली. "लावा भाऊ. त्याइनं मले बिनाकुंकवाची कधी पाह्यलीच नाही. वळखतीन कसे?"

"अन् सुरकुत्या? काढून टाकू?"

"राहू द्या. त्या मी समजावून सांगन."

चाचांनी चष्मा काढून पुसला आणि ठसठशीत कुंकू लावलं. त्यांचे पाय धरावेत असं मला वाटलं, पण धरले नाहीत, याची रुखरुख आहे.

मागच्या उन्हाळ्यात चाचा गेले. मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "भाऊ भेटला असन आता तुह्या बापाले. सांगतलं असन त्यानं, बायको म्हातारी झाली म्हनून."