द्रौपदाबाईची वात

धुळ्याच्या वैशाखात माणूस कसाबसा उभा राहतो, मेणबत्ती राहत नाही. बाजारातून आणलेली पांढरीशुभ्र मेणबत्ती दुपारपर्यंत कमरेतून वाकते आणि संध्याकाळी विहारात लावायला जावं, तर जमिनीला नाक टेकून बसलेली. बुद्धपौर्णिमेला दरवर्षी हाच तमाशा. शेवटी एका वर्षी द्रौपदाबाई बैसाणेनं टपरीवाल्याकडून टवके उडालेले चहाचे ग्लास मागून आणले, त्यात मेण ओतलं आणि म्हणाली, "आते वाक म्हणा तिले!"

ही गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची. बाई मूळची जिनिंगमधली. दिवाळीपासून होळीपर्यंत सरकी काढलेला कापूस निवडायचा, बाकीचे महिने मिळेल ते काम. कापसाचा पुंजका बोटांत धरून नुसता ओढला तरी तो शिरपूरकडचा की एरंडोलकडचा, हे ती सांगायची, आणि मुकादमानं पैज लावली तर हरायचा मुकादमच. त्यामुळे मेणबत्तीत तिला मेणाचं काहीच कौतुक नव्हतं. मेण कुणीही वितळवील, म्हणायची. वात करून दाखवा.

तिची पहिली वात मात्र सपशेल फसली होती. समईत घालतात तशी फुलवात तिनं ग्लासात बसवली. तेलात राणीसारखी मिरवणारी ती वात मेणात दोन मिनिटांत गुदमरली. मग मांडीवर वळलेली वात केली. तिनं इतका धूर ओकला की ग्लास तव्यासारखा काळा. मग तिला पोरींच्या वेण्या दिसल्या. तीन पेडांची घट्ट वेणी घातली की वात जळता जळता जराशी वाकते आणि स्वतःचं टोक स्वतःच जाळून टाकते, हे तिला कुणी शिकवलं नाही. मिठाच्या आणि टाकणखाराच्या पाण्यात भिजवून वात वाळवली की राख कमी धरते, हे मात्र एका रंगारी बुवानं सांगितलं, आणि ती त्याचं नाव घेऊन सांगायची. दुसऱ्याची अक्कल आपल्या नावावर खपवायची तिला सवय नव्हती.

पाटावर चार ग्लास ओळीनं मांडायचे. नऊ पदरी वात, बारा पदरी, पंधरा, अठरा. चारही एकदम लावायच्या आणि समोर बसायचं. ज्योत बोटाच्या पेरापेक्षा उंच गेली, वात जाड. टोकाला काळं बोंड धरलं, वात जाड. ज्योतीभोवती नुसती विहीर पडली आणि कडेचं मेण कोरडंच राहिलं, वात बारीक. नवरा आधार बैसाणे एस.टी.च्या वर्कशॉपमधून घरी येई, तर बायको चार दिव्यांसमोर मांडी घालून बसलेली. तो म्हणायचा, "नवराकडे नई देखस, तितलं वातकडे देखस!" ती मान न वळवता म्हणायची, "नवरा पारखाईसन झाया. वात पारखानी शे."

आणि एक नेम तिनं घालून घेतला होता. प्रत्येक घाण्यातला एक ग्लास घरी जाळून पाहायचा, मगच बाकीचे बाहेर द्यायचे. पुढं ती मेणात वाळ्याचं नाहीतर मोगऱ्याचं तेल टाकायला लागली. तेलानं मेण मऊ पडतं, वात बदलावी लागते, म्हणून पुन्हा चार ग्लास, पुन्हा पाट. सहा वर्षांत तिच्या हातची वात विहारात कधी विझली नाही. बाई जरा चढूनच गेली म्हणा ना. पण चढायला कारणही होतं.

तिच्या भावाची पोर पुष्पा. ती चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून द्रौपदाबाईनंच वाढवली. पोर तिला फुई म्हणायची. आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. एक्क्याण्णवच्या वैशाखात पुष्पाचं लग्न ठरलं. मुलगा चाळीसगावचा, भटू नावाचा, रेल्वेत लागलेला. द्रौपदाबाईला आभाळ ठेंगणं झालं. लाडाच्या पोरीच्या लग्नातला ग्लास, मग तिनं मोगऱ्याचं तेल दुप्पट ओतलं. वात नेहमीचीच, माघातल्या थंडीत पारखलेली बारा पदरी. आणि लग्नाच्या गडबडीत त्या घाण्यातला ग्लास घरी जाळून पाहायचा राहिला. राहिला म्हणजे काय, तिला वाटलं, आपल्याला काय गरज?

लग्न भर दुपारचं. ग्लास सकाळपासून मांडवात मूर्तीपुढं मांडलेला, मांडवाच्या फटीतून ऊन नेमकं त्याच्यावर. पुष्पानं काडी ओढून वात लावली, मोगऱ्याचा वास दरवळला, बाया वा वा म्हणाल्या. आणि पंचशील अर्ध्यावर आलं असताना वात विझली. पुष्पानं पुन्हा लावली. पुन्हा विझली. मांडवात कुजबूज सुरू झाली तशी द्रौपदाबाई ताडकन म्हणाली, "वारा शे ना, वारा! वाराना काय भरवसा?"

वारा नव्हता. निंबाचं पान हलत नव्हतं. धम्म घेऊन पस्तीस वर्षं होत आली होती, पण शकुन-अपशकुन काही सगळ्यांच्या मनातून गेला नव्हता. वारा नाही आणि वात तर विझली, मग दोष कुणाचा? जिनं लावली तिचा. लग्नानंतर चौथ्या दिवशी भटू सायकलवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. पंधराव्या दिवशी म्हैस आटली. गल्लीतल्या बाया बोलल्या, "तिना हातच तसा शे." सासू यशोदाबाई आधी गप्प होती, मग तिनंही सुनेला दिव्याला हात लावू नको म्हणून सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात माहेरी धाडून दिलं.

पुष्पा पिशवी घेऊन दारात उभी राहिली, रडत सगळं सांगितलं. द्रौपदाबाईनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "कितला येळ जळनी व्हती ती?"

"फुई! माले घर सोडनं पडनं, आनि तू वातना इचार करस?"

"वातनाच इचार कराले पाहिजे पोरी," द्रौपदाबाई म्हणाली. कारण तिला तेव्हाच कळलं होतं. मांडवातच कळलं होतं. आपल्या कामाला नाव पडू नये म्हणून वाऱ्यावर ढकललं, आणि ते जाऊन पोरीच्या माथी बसलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कामाला हात घातला. मृग निघायला आठ दिवस होते, ऊन रणरणत होतं; पाऊस आला असता तर सगळंच मुसळ केरात. लग्नाच्या घाण्यातला एक ग्लास फळीवर शिल्लक होता, त्याला तिनं हात लावला नाही. तसंच दुप्पट तेलाचं मेण नव्यानं केलं आणि पाट अंगणात भर उन्हात मांडला. बारा पदरी वात तासाभरात आडवी झाली. उन्हानं मेणाचं पाणी होतं आणि पाण्यात वात उभी कशी राहणार? थंडीत घट्ट मेणानंच तिला धरून ठेवलं होतं, आणि बाईला वाटलं होतं की वातच ताठ आहे. पंधरा पदरीही कलली. एकवीस पदरीनं काच काळी केली. मग तिनं डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची चकती कापली, मधोमध भोक पाडून त्यात अठरा पदरी वात ओवली आणि चकती ग्लासाच्या बुडाला चिकटवली. ती तीन दुपारी तळापर्यंत जळली. एकदाही मान टाकली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं फुई-भाची चाळीसगावला उतरल्या. मांडीवर टोपली, टोपलीत भुशात दोन ग्लास: एक लग्नाच्या घाण्यातला, एक नवा. पुष्पा पिशवी खाली ठेवून उंबऱ्याबाहेरच थांबली. सासरा झुलाल नाना बाजेवर, भटू प्लास्टरचा पाय पसरून, यशोदाबाई सुपारी कातरत. द्रौपदाबाईनं पाणीही मागितलं नाही. दोन्ही ग्लास तिनं अंगणात उन्हात ठेवले, आणि दुपारी बारा वाजता उचलून पडवीच्या पत्र्याखाली पाटावर मांडले. उन्हात ज्योत दिसत नाही ना, म्हणून.

"हाऊ लगीनना ग्लास, एकच घाणाना," ती म्हणाली. "हाई तुम्ही लावा, विहीणबाई. तुमना हात तर चांगला शे ना? आनि हाई दुसरी पुष्पा लावई. दोष हातना व्हई तर तिनीच विझई."

यशोदाबाईचा अडकित्ता थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. झुलाल नाना म्हणाले, "कबूल. बराबर बोली ऱ्हायनी ती."

यशोदाबाईनं ऐटीत काडी ओढली. पुष्पाच्या हातातल्या तीन काड्या मोडल्या, चौथीनं वात धरली. दोन्ही ज्योती झकास उभ्या राहिल्या.

पाव तास गेला. अर्धा तास गेला. लग्नातली वात ढिम्म हलेना. सहा वर्षं जिनं वात विझू नये म्हणून जीव टाकला, ती बाई आज वात विझावी म्हणून बसली होती. घाम पाठीवरून ओघळत होता. दोन्ही जळत राहिल्या तर काय सिद्ध होणार? पोरीचा संसार एका नालायक वातीवर अडकला होता, आणि ती नालायक वात आजच शहाण्यासारखी जळत होती.

"जळी ऱ्हायनी ना मनी?" यशोदाबाई म्हणाली. "हातना गुण ऱ्हास बाई."

द्रौपदाबाईची नजर वातीच्या बुडाशी होती. तिथं मेणाचा शेवटचा पांढरा ठिपका विरघळत होता. तो गेला, तशी वात जराशी डुलली, कलली, आणि झोप लागल्यासारखी मेणात आडवी झाली. चर्र झालं. धुराची एक रेघ वर गेली.

यशोदाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं घाईनं वात चिमटीनं वर काढून पुन्हा लावली. पुन्हा विझली. शेजारी पुष्पाची ज्योत तशीच, पेराएवढी. यशोदाबाई स्वतःच्या हाताकडे बघायला लागली, आणि ते पाहून द्रौपदाबाईला भडभडून आलं. जिंकायला आलेली बाई, पण जिंकल्याचा आनंद काही होईना.

"नई, नई विहीणबाई, तुमना हातना काही दोष नई," तिनं यशोदाबाईचा हात धरला. "दोष मनी वातना शे. त्या दिन बी मनी वातनाच व्हता. वारा नव्हता. मी खोटं सांगं."

मग यशोदाबाईनं नव्या ग्लासाकडे बोट केलं. "हाई कितला पदरनी?"

"अठरा."

"मग लगीनमा अठरा कसाले नई लाई?"

"मस्ती व्हती," द्रौपदाबाई म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. "माले वाटे, मनं चुकसच नई. पोर मनी, आनि सजा तिले व्हयनी."

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची कुंदाबाई डोकावली. सून परत आल्याचं गल्लीत केव्हाच पसरलं होतं. मान उंच करून पाटाकडे बघत तिनं विचारलं, "काय वं यशोदा, विझनी का?"

यशोदाबाई उठली. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विझनी. ती मी लायेल व्हती. सूननी जळी ऱ्हायनी, देखी ल्या बठ्ठा जण."

आणि उंबऱ्याबाहेर पडलेली पुष्पाची पिशवी उचलून ती घरात गेली.