मंजूच्या घरासमोर

उभा जन्म शहरातल्या गजबजलेल्या लष्कर मोहल्ल्यात काढल्यावर आमच्या ह्यांना, म्हणजे सुब्बरावांना, एकाएकी गर्दीचा वीट आला. गर्दी कसली, धाकट्या भावाचा, मंजूचा हेवा! त्यानं एच. डी. कोटे गावापलीकडच्या ओसाड रानात घर बांधलं आणि रोज सूर्यास्ताचे फोटो पाठवून ह्यांचा नुसता जळफळाट केला.

मग जागा बघत माझी पायपीट. तळ्याकाठची नको, टेकडीवरची नको. शेवटी एक माळ पसंत पडला. चिटपाखरू नाही, समोर फक्त मंजूचं घर.

"अय्यो, दसऱ्याला सगळा मोहल्ला आपली पायऱ्यांवर मांडलेली बाहुल्यांची आरास बघायला येतो. इथे कोण येणार?"

"मंजू येईल की. त्याची आरास सात पायऱ्यांची. आपण नऊ करू."