शोभाचं विमान आणि खोटा वेग

मैत्रिणींनो, विमानांची उपकरणं दुरुस्त करणं हे माझं काम. आज आमच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकणारी शोभा एकटीने उडून आली ती रडवेली होऊनच. चढताना वेगाचा काटा खाली येत गेला, म्हणाली.

"जमिनीवर काटा बरोबर आहे. तू घाबरलीस," प्रशिक्षक म्हणाले. "असं असेल तर एकटीने उडणं बंद."

मी विचारलं, "उंचीचा काटा?"

"हललाच नाही, ताई. वाटलं, मलाच वाचता येत नाहीये. मग इंजिनाच्या आवाजावर उतरवलं."

या दोन्ही काट्यांना बाहेरच्या हवेचा दाब विमानाच्या बाजूच्या एका बारीक छिद्रातून मिळतो. ते वाळलेल्या कुंकवाने बुजलं होतं; आत जमिनीवरचाच दाब अडकला, म्हणून खाली काटे बरोबर आणि वर चढल्यावर खोटे. परवा खंडेनवमीला शोभाच्या आईने विमानाची पूजा करताना ओल्या कुंकवाचं बोट नेमकं तिथे टेकवलं होतं.

छिद्र साफ केलं. प्रशिक्षक स्वतः एक फेरी मारून आले. "उद्या तूच उडव," एवढंच शोभाला म्हणाले.

"आईला सांगू नका, ताई. ती पुन्हा विमानाला हात लावणार नाही."

सांगावं तर लागेलच. पण आज नाही; पुढच्या खंडेनवमीला मी शोभाच्या आईच्या शेजारी उभी राहून कुंकवाची जागा दाखवेन, असं ठरवलंय. तुम्ही आजच सांगितलं असतं का?