मंगेशचे दोन भोवरे

डॉक्टरला किस्से गोळा करावे लागत नाहीत, पेशंटच आणून देतात. मी प्लास्टिक सर्जन. तीन दिवस पेणला, दोन दिवस रोह्याला. पण एकट्या मंगेशने इतके किस्से दिले की बाकीचे पेशंट मागेच पडले.

मंगेश खांबचा, डोलवीला कंपनीत कामाला. हायवेवर त्याची बाईक घसरली तेव्हा हेल्मेट हँडलला लटकत होतं. डोक्यावरची तळहाताएवढी कातडी गेली आणि लग्न तीन महिन्यांवर आलेलं. ऑपरेशनआधी म्हणतो, "डॉक्टर, पुढचे केस ठेवा हां, फोटोला लागतील."

आमच्या शुभांगी सिस्टर केस काढता काढता थांबल्या. "हेल्मेट डोक्यावर ठेवलं असतंस तर सगळेच ऱ्हायले असते."

*

मांडीचं कातडं डोक्याला लावणार, असं त्याच्या आईला कुणीतरी सांगितलेलं. मी समजावलं, जखमेशेजारचीच कातडी अर्धगोल कापून सोडवायची आणि जखमेवर सरकवायची. म्हणजे केसही येतात. बाईंना काही केल्या पटेना.

शेवटी होणारी सून बोलली. ही जोह्याची सुप्रिया, बापाच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती करते. "आई, मूर्तीला खड्डा पडला की आमी बाजूचीच ओली माती ओढून घेतो. नवी थापली तर तडकते."

बाईंनी लगेच सही केली. माझं इतक्या वर्षांचं शिक्षण तिने दोन वाक्यांत आटपलं.

*

टाके काढले त्या दिवशी सुप्रिया वाकून शिवण बघायला लागली. मी आपला कौतुकाची वाट बघत उभा.

"फिनिशिंग बरं हाय. पन कानामागं उंचवटा ऱ्हायलाय."

कातडी वळवली की टोकाला असा फुगवटा राहतोच. म्हटलं, "काही महिन्यांत आपोआप बसेल."

"आमी असं सांगितलं तर गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाय."

सिस्टर तोंड फिरवून हसत होत्या.

*

खरा घोळ केस वाढल्यावर झाला. वळवलेल्या कातडीवरचे केस वेगळ्याच दिशेला वाढले आणि मंगेशच्या डोक्यात दुसरा भोवरा दिसायला लागला. सुप्रियाच्या आत्याने तो बरोबर हेरला. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं! "आमच्या पोरीवर सवत नको," म्हणत तिने लग्नच थांबवलं.

मंगेश रडकुंडीला येऊन रोह्याला आला. "डॉक्टर, भोवरा तुमचा हाय. कायतरी करा."

मला फार वाईट वाटलं. जीव ओतून केलेलं काम पोराच्या मुळावर आलं होतं. मी चक्क सर्टिफिकेट लिहून दिलं: एक भोवरा जन्माचा, दुसरा माझ्या हातचा. खाली सही, शिक्का.

आत्याने ते वाचून घेतलं आणि मंगेशच्या हातात परत दिलं. "कुनी का केला असंना, दोन ते दोनच."

सुप्रिया तिथेच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मग होऊ देत की दोन, आत्या."

पंधरा दिवसांनी मला एकाच पाकिटातून दोन पत्रिका आल्या. पहिलं लग्न रविवारी, रोह्याला, देवळात. दुसरं बुधवारी, जोह्याला, मांडवात. दोन्हींत वर मंगेश, आणि दोन्हींत वधू सुप्रिया.