एकीच्या पोटात दुसरी

"दुसरी आत बसवली, पहिलीला पत्ताबी न्हाई!" पुनमचंद मोबाईलवर कुणाला तरी हसून सांगत होता, अन् त्याची बायको जमना नेमकी दारात. आमची घरं लागून. पुढचं भांडण मी कुडाच्या अलीकडून सगळं ऐकलं.

"कोन ती सटवी? नाव सांग!"

"अगं येडे, मशीन हाय. लिनक्स!"

"कोणत्या तांड्याची?"

मी पदर तोंडात कोंबला.

पुनमचंदचं वारंगा फाट्यावर दुकान होतं. एकच कॉम्प्युटर, त्यावर अर्ज, लग्नपत्रिका. नांदेडच्या एका ऑफिसात नोकरी निघाली होती, पण तिथं विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. ते शिकायला दुकानातलं विंडोज पुसावं, तर धंदा बसतो. म्हणून त्यानं मशीनच्या आतच दुसरी, खोटी मशीन मांडली. मला म्हणाला, "काकी, हितं कायबी मोडलं तरी बाहेरचीला धक्का न्हाई. पुसायचं, पुन्हा मांडायचं."

"म्हंजे भातुकली."

"व्हय, बराबर."

पण त्या भातुकलीनं बाहेरची मशीन अशी मंदावली, की एक अर्ज निघेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा निवायचा. गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. जमना म्हणायची, "नोकरी न्हाई लागली तर हैदराबादला माती उचलावी लागंल."

"लागंल की नोकरी. काहून घाबरतीस?"

नांदेडला नोकरीच्या परीक्षेत त्याला खऱ्या मशीनवर बसवलं. तिच्यात ऑफिसचं काम होतं. ते राखून बाजूला नवं लिनक्स मांडायचं होतं. मधेच मशीननं विचारलं, सगळं पुसू का? घरी खोट्या मशीनला तो रोज 'हो' म्हणायचा. तिथंबी बोट आपसूक 'हो'वर गेलं. ऑफिसचं काम साफ पुसलं. साहेब एवढंच म्हणाला, "उठा."

त्या दिवशी जमना भांडलीच न्हाई. मला तेच जास्त लागलं.

दुकान मोडलं. दोघं हैदराबादला मातीकामावर गेली. तिथंच पुनमचंदला कावीळ झाली, अन् जमना एकटी परत आली.

माझं दळण कायम तोच आणायचा. हैदराबादला निघायच्या दिवशीबी तेच; ट्रक उभा, मुकादम हाका मारून राहिलेला, अन् हा गिरणीतून डबा घेऊन माझ्या ओट्यावर. झाकण काढून त्यानं पीठ चिमटीत चोळून पाहिलं.

"काकी, जाडं काढलं बघा त्यानं."

"चालतंय रे लेका. ट्रक जाईल, जा तू."

"तुमच्या भाकरी थापताना चिरतील," म्हणाला, अन् डबा खांद्यावर घेऊन पुन्हा गिरणीकडं गेला. बारीक करून आणला, जागेवर ठेवला, मग ट्रकमध्ये चढला.