एक चालू, तीन जपून

संताप गिळला की त्याचे किस्से होतात. अमेरिकेत शिकून मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात रुजू झालो आणि दोन वर्षांत इतका गिळला, की चहाला चार मित्र जमले तरी पुरून उरतो. तुम्ही हसा. मला अजून राग येतो!

*

चार प्रोसेसर आणि त्यांची सामाईक मेमरी असलेलं मशीन घ्यायचं, त्यावर कृष्णेच्या पुराचं गणित करायचं, एवढंच माझं स्वप्न. आमचे इलेक्ट्रिशियन दस्तगीरमामा मंगळवार पेठेतले. त्यांची लेक शिरोळला दिलेली, घर नदीकाठी.

"सर, आदल्या दिवशी कळलं तरी बास की! पोरं आन् म्हस बाहेर काढता येतील."

*

खरेदी समितीपुढे मी दोन रचनांची तुलना मांडली. एकीत चारही प्रोसेसर एकाच वाटेनं मेमरीकडे जातात, म्हणजे खोळंबा. दुसरीत मेमरीचे भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र वाट.

समितीतले एक बागायतदार उखडले. "सामाईक विहिरीवर चार मोटारी? आमच्यात भावाभावांचं कोर्ट चालू हाय!"

"अगदी बरोबर!" मी आनंदानं ओरडलो. "म्हणूनच पाइप वेगळे हवेत!"

"मग एकच मोटार घ्या की!"

*

शेवटी आलं ते एका वाटेचंच. कारण? वेगळ्या वाटांच्या मशीनचं कपाट दारातून आत जात नव्हतं!

"दार मोठं करू," मी विभागप्रमुखांना म्हणालो.

"दाराला वेगळी मंजुरी लागती."

*

मशीन बसलं आणि विभागप्रमुख साहेबांनी तीन प्रोसेसर बंद करायला लावले.

"एक चालू द्या, तीन स्टेपनी."

"साहेब, प्रोसेसर झिजत नाहीत!"

"जीपला पाच चाकं असतात. पाचही जमिनीला टेकवता काय?"

मामा पुटपुटले, "तीन बैल गोठ्यात, एकाच्या मानेवर नांगर. झकास!"

*

त्या पावसाळ्यात एका रविवारी कृष्णा चढू लागली. मी साहेबांच्या घरी धावलो. "चारही चालू करू द्या, उद्या संध्याकाळी उत्तर येईल!"

"अर्ज द्या. बघू."

अर्ज दिला. गणित एकावरच रांगत राहिलं. मामा तासातासाला डोकवायचे, "आलं का वो, सर?"

कागद बाहेर आला : मंगळवारी सकाळी पाणी काठच्या घरांच्या उंबऱ्याला लागेल.

तो गुरुवार होता. मामांची लेक पोरांना घेऊन माहेरी पोचली होती. म्हैस दाव्यालाच राहिली.

साहेबांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा फुलला. "गणित बरोबर आलं की!" त्यांनी मशीनच्या चाचणीची फाइल काढली आणि मामांच्या लेकीला बोलावून घेतलं.

"ताई, पाणी मंगळवारी सकाळीच उंबऱ्याला लागलं न्हवं?"

"व्हय."

"मग हितं सही करा. मशीन पास!"