घोडीचा पंप

वडिलांना दमा होता आणि घरात त्यावर दोनच औषधं होती: गरम पाणी आणि आईच्या शिव्या. पंप परवडत नव्हता. पुढे मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट झालो, तोही फार्मसीचा, आणि विठ्ठलवाडीला मेडिकलमध्ये बसलो.

एका संध्याकाळी वरातीचा घोडीवाला आला. जनावरांच्या डॉक्टरची चिठ्ठी ठेवून म्हणाला, "शेठ, दम्याचा पंप. घोडीसाठी. फटाक्यांच्या धुराने बेजार झालीय."

मी डिग्रीच्या तोऱ्यात समजावलं, "तोंडात धरायचा, ओठ मिटायचे, मग दाबायचा."

तो पोट धरून हसला. "घोडी तोंडाने श्वासच घेत नाही, साहेब. फक्त नाकाने. कॉलेजात घोडी नव्हती काय?"

घोडी दुकानाबाहेरच नटून उभी होती, खोकत होती. त्याने पाण्याच्या बाटलीचं बूड कापून, कडेला मऊ फडकं शिवून आणलं होतं. ते तिच्या नाकपुडीवर बसवलं, बाटलीच्या तोंडात पंप खोचला आणि तिच्या बरगड्यांकडे बघत राहिला. बरगड्या फुगायला लागल्या की दाबायचा, मग पुन्हा थांबायचा.

नवरदेवाचा काका धावत आला, "अरे जल्दी कर, वरात खोळंबलीय!"

"नवऱ्याला कोणी पळवत नाही, काका. आधी हिचा श्वास."

एवढं लक्ष मी कुठल्याच गिऱ्हाइकाकडे दिलं नव्हतं.

वरात अर्धा तास उशिरा निघाली. घोडी मंडपापर्यंत चालत गेली आणि वाटेत एकदाही खोकली नाही.